माशांचा कुळाचार

बऱ्याच दिवसांत इथं काही लिहिलं नाही. दिवाळीला पुलगावला बहिणीकडे गेलो होतो, तिथून परतल्यापासून एक विषय डोक्यात घोळतोय. घरच्या मंडळींना आधीच सांगून ठेवतो: या लेखात मासे आहेत, कापलेलेही आहेत. आईनं वाचू नये. आत्यानं वाचलं तर आईला सांगू नये.

तर झालं असं की, भाच्याला घेऊन बाजारात गेलो होतो. कोथिंबीर आणायला. कोथिंबीर राहिली बाजूला आणि आम्ही मासळीच्या ओळीत जाऊन उभे राहिलो. एका मावशींपुढे दोन घमेली होती. एकात मरळ, दुसऱ्यात मागूर. दोन्हींत पाणी जेमतेम वीतभर. थोड्या थोड्या वेळानं एखादा मासा वर यायचा, तोंड उघडून हवेचा घोट घ्यायचा आणि पुन्हा खाली. मरळही तसंच, मागूरही तसंच. शेजारच्या ताटात रोहू होते, ते केव्हाच थंड पडलेले.

भाच्यानं विचारलं, "मामा, हे दोघं भाऊ आहेत का? दोघं सारखंच करतात."

मी बी.एस्सी. झूलॉजी. तेही वर्ध्यातून. उत्तर यायला हवं होतं. मी आठवत बसलो आणि मावशीच बोलल्या, "नाही रे बाबू. हवा तं दोघंही पेते, पण मरळ लेकरं घेऊन फिरते ना! तिच्या अंगावर खवले हायेत, याच्या अंगावर हाये का एक तरी? मिशा पाय त्याच्या. हा शिंगटीच्या घरचा हाये."

शिंगटीच्या घरचा! वर्गीकरणाचा अख्खा धडा तीन वाक्यांत. खवले, मिशा आणि लेकरांना घेऊन फिरणं. म्हणजे शरीररचना आणि वागणूक, दोन्ही.

माझं शिक्षण कसं झालं तेही सांगतो. आमच्या प्रॅक्टिकलला डिसेक्शनसाठी असायची मुशी, म्हणजे छोटा शार्क. समुद्रापासून सातशे किलोमीटरवर, मुंबईहून फॉर्मॅलिनमध्ये मुरून आलेली. तिच्या मेंदूतून निघणाऱ्या नसा आम्ही मोकळ्या करायचो, काळ्या कागदाचे तुकडे खाली सरकवायचो, जर्नलात पेन्सिलीनं चित्र काढायचो. डोळे चुरचुरायचे. गांधी-विनोबांच्या सावलीत वाढलेलं आमचं शाकाहारी घर. मी घरी आलो की आई अंगणातच अंघोळ करायला लावायची. आणि पाचदहा किलोमीटरवर पवनारला धाम नदी वाहत होती, तिच्यात शिंगटी होत्या, मरळ होती, बाम होती. तीन वर्षांत एकदाही आम्हाला कोणी तिच्या काठावर नेलं नाही. जिवंत मासा काय करतो, हा प्रश्न परीक्षेत नव्हता.

मुशीच्या दहा नसा मला आजही आठवतात. मरळ आणि मागूर यांचं नातं मात्र बाजारात कळलं.

आता नातं ओळखायचं कसं? आपल्याकडे ही विद्या फार जुनी आहे. आडनाव सारखं असलं म्हणून कोणी भाऊबंद होत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. चेहरा सारखा असला तरी होत नाही. मग विचारतात, कुलदैवत कोणतं? कुळाचार काय? आमच्याच घरची गोष्ट. आर्वीकडच्या एका कुटुंबाशी आमचं नातं आहे हे दोन पिढ्या कोणाला माहीत नव्हतं. आजीच्या लक्षात आलं ते महालक्ष्म्यांच्या जेवणात. सोळा भाज्यांत त्यांच्याकडेही कारलं नव्हतं. आमच्याकडे नसतं, का नसतं ते कोणालाच माहीत नाही. आजीनं तिथंच चौकशी सुरू केली आणि चार पिढ्यांमागे एक खापरपणजोबा निघाला.

यात एक बारकावा आहे. आंबील दोन्ही घरी होती, पण आंबील साऱ्या विदर्भात असते. त्यावरून काही सिद्ध होत नाही. जी गोष्ट गरजेपोटी किंवा शेजाऱ्याचं पाहून कोणीही करील, ती नात्याचा पुरावा नाही. कारलं न करण्यात काही फायदा नाही, गरज नाही, म्हणूनच ती खूण पक्की.

माशांचं हवा पिणं हे आंबिलीसारखं आहे. उन्हाळ्यात डबकं आटतं, पाण्यातला प्राणवायू संपतो, मग जगायचं असेल तर वर येऊन हवा घ्यावीच लागते. ज्याला जमलं तो उरला. ही सोय माशांमध्ये वेगवेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे झाली आहे, आणि ती वेगळी आहे हे आत डोकावल्यावर लगेच दिसतं. मावशींनी मागूर कापला तेव्हा मी मुद्दाम वाकून पाहिलं. (भाच्यानंही पाहिलं. ताई, माफ कर.) कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत लालभडक, फांद्या फुटलेलं, पोवळ्यासारखं छोटं झाड असतं. त्यातून हवा रक्तात जाते. मागूरची चुलत बहीण शिंगी, जिचा काटा लागला की रात्रभर झोप येत नाही, तिच्यात झाड नाही. तिथं कल्ल्यांपासून मागं पाठीच्या कण्याजवळून शेपटीकडे गेलेल्या दोन लांब पिशव्या आहेत. आणि मरळीत? कल्ल्यांच्या वर एक कोनाडा, त्यात घड्या पडलेलं अस्तर. तीन मासे, एकच सवय आणि आत तीन तऱ्हेची यंत्रं.

मग मागूर कोणाचा? तर ऐका, ताटात थंड पडलेल्या रोहूचा. मला स्वतःला हे वाचून पटेना. पण रोहू, शिंगटी, मागूर, शिंगी या सगळ्यांच्या मानेत, कण्याच्या पहिल्या काही मणक्यांपाशी, इवल्याशा हाडांची एक साखळी असते. पोटातल्या हवेच्या पिशवीची थरथर ती कानापर्यंत पोचवते. वेबर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८२० साली तिचं वर्णन केलं, म्हणून ती हाडं त्याच्या नावानं ओळखली जातात. मरळीत ती नाहीत. बाममध्ये नाहीत. चिलापीत नाहीत. आता हाडांची अशी गुंतागुंतीची साखळी पुन्हा पुन्हा आपोआप जुळून येणं कठीण. ती एका पूर्वजाकडून आलेली.

आणि याच घराण्याचा एक कुळाचारही सापडला. कार्ल फॉन फ्रिश, मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावणारा, त्यानं १९३८ साली लिहून ठेवलं की, मिनो जातीचा एक जखमी मासा त्याच्या थव्यात परत सोडला तर बाकीचे घाबरून पळतात. फाटलेल्या कातडीतून काहीतरी पाण्यात मिसळतं आणि ते बाकीच्यांना धोक्याची वर्दी देतं. पुढे इतरांनी तपासत नेलं तेव्हा लक्षात आलं की, मानेत ती हाडं असलेल्या बहुतेक माशांत ही भीतीची रीत आहे. हाड एक सांगतंय, वागणूक तेच सांगतेय. दोन साक्षीदार, एकमेकांना न भेटलेले, एकच नाव घेतात. कोर्टात याला किंमत असते.

मरळीच्या घराण्याची गोष्ट तर याहून रंगतदार आहे. पण त्यासाठी भाच्याच्या टेबलावर जावं लागेल. त्याच्याकडे काचेच्या भांड्यात एक निळा फायटर आहे. एकटाच असतो, तरी पाण्याच्या वर बुडबुड्यांचं घरटं बांधत बसतो. मादी असती तर त्यानं तिच्याभोवती शरीर वाकवून तिला मिठी मारली असती, आणि त्या मिठीत अंडी पडली असती. मग ती तोंडानं उचलून घरट्यात ठेवणं, राखण करणं, सगळं बापाकडे. फायटर, गुरामी या घराण्याची ही मिठी म्हणजे अगदी कारल्यासारखी खूण. अंडी घालायला मिठीची गरज नसते. हजारो जातींचे मासे मिठीशिवाय घालतातच.

गंगेच्या खोऱ्यात बाडिस नावाचा बोटभर मासा आहे. हॅमिल्टननं १८२२ साली गंगेच्या माशांवरच्या पुस्तकात त्याचं वर्णन केलं. पुढे त्याला पानासारख्या दिसणाऱ्या माशांच्या कुळात टाकून दिलं होतं, कारण बाहेरून तो तिथं बसत होता. १९६८ साली बार्लो, लीम आणि विकलर या तिघांनी मिळून एक लेख लिहिला: बाडिसचं स्वतःचं वेगळं कूळ आहे, आणि पुरावे तीन, वागणूक, हाडं आणि पिल्लांची वाढ. वागणुकीत काय होतं? ती मिठी. बाडिसचा नर बिळासारख्या आडोशात मादीला तशीच मिठी मारतो.

कोणीतरी टाकीपुढे तासन्‌तास बसलं होतं म्हणून हे दिसलं. बाटलीतला बाडिस मिठी मारत नाही.

पुढे डीएनएचा जमाना आला आणि बाडिस फायटर-गुरामी-मरळ यांच्या शेजारीच जाऊन बसला. गंमत म्हणजे ज्या आशियाई पानमाशांपासून त्या तिघांनी त्याला वेगळं काढलं, तेही मागोमाग त्याच वाड्यात आले, फक्त वेगळ्या खोलीत. दक्षिण अमेरिकेतले पानमासे मात्र दुसऱ्याच गावचे निघाले. वाळक्या पानाचं सोंग दोघांनी आपापलं घेतलं होतं. म्हणजे वागणुकीवाल्यांचं सगळंच बरोबर नव्हतं, पण मिठीनं दाखवलेली दिशा बरोबर होती.

आणि मरळ? ती मिठीवाल्यांच्या शेजारची का, याचं उत्तर मावशींच्या वाक्यात होतं. मरळीची अंडी तेलामुळे पाण्यावर तरंगतात, गुरामीचीही तरंगतात. कल्ल्यांवरचा कोनाडा दोघांकडे. लेकरांची राखण दोघांकडे. पावसाळ्यात तळ्यात शेवाळ-गवत बाजूला सारून मरळीचं जोडपं जागा करतं, पिल्लं निघाली की त्यांचा तांबूस घोळका हवेसाठी वर येतो तेव्हा पाणी उकळल्यासारखं दिसतं, आणि आईबाप खालून पहारा देतात. ढीवर मंडळी ते उकळतं पाणी पाहूनच ओळखतात की खाली मोठी मरळ आहे.

बामबद्दल थोडक्यात. दिसते सापासारखी, म्हणून शहरी माणूस तिला ईल समजतो. पण तिच्या पाठीवरून शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवून पाहा (पाहू नका), करवतीसारखे काटे लागतात. खऱ्या ईलला, ज्याला पश्चिम महाराष्ट्रात अहेर म्हणतात, असे काटे नसतात, आणि तो अंडी घालायला समुद्रात जातो. बाम आयुष्यभर गोड्या पाण्यातच. आज तिची जागा मरळीच्या शेजारच्या फांदीवर धरतात. सापासारखं लांब होणं, तीही एक आंबीलच.

आता मी हे सगळं का लिहितोय.

१८२४ नंतरच्या काही वर्षांत कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी दख्खनमध्ये फिरून मासे गोळा करत होता. त्यानं कोळ्या-भोयांना नावं विचारली आणि तीच लॅटिन पोशाखात छापली. सीनगटी म्हणजे आपली शिंगटी, पोटेल, फुलंगी, कोलस, नुकता, खुद्री. जगातला कोणीही मत्स्यशास्त्रज्ञ आज ही मराठी नावं उच्चारतो. याचा मला अभिमान वाटतो, पण एक टोचणीही लागते. नावं घेतली, आणि मासे काय करतात हे ज्यांना माहीत होतं त्यांना ते विचारायचं राहून गेलं. दोनशे वर्षं झाली, अजून राहिलंच आहे. भंडारा-गोंदियाकडे मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढीवरांसोबत तलावांवर केलेल्या कामासारखे अपवाद आहेत. वर्धा नदीकाठी असं काम फार व्हायला हवं.

कारण हाड टिकतं. फॉर्मॅलिनमध्ये शंभर वर्षं टिकतं. डीएनए शेपटीच्या तुकड्यातूनही मिळतो. वागणूक मात्र कशातच ठेवता येत नाही, आणि मासा जिवंत असतानाही ती मरू शकते. रोहूचंच बघा. पहिल्या पुरात नदीत वर चढून अंडी घालणं हा त्याचा कुळाचार. १९५७ साली हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पियुषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन तळ्यातल्या माशांकडून अंडी घालवून घेतली. मोठंच काम होतं ते, देशाला मासा मिळाला त्यातून. पण आज बाजारातल्या बहुतेक रोहूंनी पूर म्हणजे काय ते पाहिलेलं नाही. चढणीचे मासे धरायला पहिल्या पावसात लोक धावायचे, त्या वाटांवर आता बंधारे आहेत, मोर्शीजवळ अप्पर वर्धा, आर्वीकडे लोअर वर्धा. मासा तळ्यात आहे. त्याची रीत गेली.

त्याच धरणांमध्ये आता चिलापी भरपूर. १९५२ साली ती भारतात आली. ती पूर्वी तिलापिया या नावाच्या प्रजातीत होती, आता ओरिओक्रोमिस. नाव का बदललं माहीत आहे? लंडनच्या संग्रहालयात एथेलविन ट्रेवावास नावाच्या बाई आयुष्यभर या माशांवर काम करत होत्या. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी विभागणी पक्की केली: तळाशी अंडी घालून राखणारे एक, तोंडात अंडी सांभाळण्यात बाप किंवा दोघं असलेले दुसरे, आणि फक्त आई तोंडात सांभाळते ते तिसरे. आपली चिलापी तिसऱ्यात. दात, हाडं यांच्या जोडीला बाळंतपणाची रीत! पुढे डीएनएनं त्यातला पहिला गट फोडला, पण मूळ कल्पना बऱ्याच अंशी टिकली. मला या बाईंबद्दल फार आदर वाटतो.

यूजीसीनं २०११ साली डिसेक्शन कमी करण्याच्या सूचना दिल्या आणि २०१४ मध्ये ते बंदच केलं. माझे काही वर्गमित्र आता प्राध्यापक आहेत, ते यावर हळहळतात. मला हळहळ वाटत नाही. मुंबईहून मुशा मागवून आम्ही नक्की काय शिकलो? पण त्या जागी आलं काय, तर संगणकावरची चित्रफीत. सुरी गेली हे ठीक, पण नजर द्यायला हवी होती. पूर्वी मेलेला मासा तरी हातात होता, आता तोही नाही, आणि जिवंत मासा पूर्वीही नव्हता. रचना पाहायची तर बाजारात रोज सकाळी मासे कापलेच जातात, एकही जास्तीचा मारावा लागत नाही. वागणूक पाहायची तर आषाढ-श्रावणात तळ्याच्या काठी दोन सकाळी पुरेत. मावशींसारख्या कोणाला मानधन देऊन बोलवा. वर्गात नको, घाटावर बोलवा. विद्यापीठात ठराव वगैरे करायची गरज नाही, एका प्राध्यापकानं मनावर घेतलं तरी होईल.

एक मित्र मला म्हणाला, आता डीएनए सगळं सांगतो, मग काठावर बसून काय करायचं? त्याचं अर्धं खरं आहे. कोण कोणाचा हे डीएनए आमच्यापेक्षा चांगलं सांगतो. पण मिठी आधी आली की तरंगती अंडी आधी आली, राखण एकदाच सुरू झाली की चारदा, हे त्या वंशवृक्षावर मांडायचं तर राखण, मिठी, अंडी कोणीतरी पाहिलेली पाहिजेत ना? वृक्ष तयार आहे आणि त्यावर टांगायला काही नाही, अशी पाळी येईल. आमच्या आर्वीच्या नातेवाइकांचं तेच झालंय. वंशावळ छापून झाली, चार रंगांत. त्यांच्याकडे महालक्ष्म्या बसवणं बंद झालं त्याला दहा वर्षं झाली.

असो. मावशींचा मागूर देशी होता की तो बंदी असलेला थाई मांगूर, हा प्रश्न मी विचारला होता. त्या म्हणाल्या, "गावठीच हाये भाऊ, तुमाले खोटं सांगीन का?" मी मान डोलावली. डोकं पाहून ओळखता येतं म्हणतात, मला आलं नाही.

परवा भाच्याचा फोन आला. फायटरनं नवीन घरटं बांधलंय, त्याला आता मादी हवी आहे. भाच्याला म्हणजे, फायटरसाठी. ताई नको म्हणतेय. आणि मावशींना त्यानं परस्पर विचारून ठेवलंय की मरळ लेकरं घेऊन कधी फिरते. आषाढात ये, पहाटे ये, आणि मामाले म्हणा चप्पल नको घालू, चिखल असते, असा निरोप आहे.